खिंडीच्या पलीकडे किती बर्फ आहे?

प्रश्न : आम्ही पाच जण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवसांच्या ट्रेकला निघालोय. वाट साधारण २,४०० मीटरवर सुरू होते, दक्षिणेकडच्या खोऱ्यातून चढत ३,९०० मीटरच्या खिंडीत पोचते आणि मग उत्तरेकडच्या खोऱ्यात उतरते. तिकडे गाडी न्यायला येणार आहे. भावाचा एक मित्र गेल्या वर्षी बरोबर याच आठवड्यात गेला होता. त्याच्या फोटोंत खिंडीपर्यंत गवत आणि फुलं दिसतात. नवऱ्याचं म्हणणं, ‘भर उन्हाळ्यात कसला आलाय बर्फ?’ मी पहिल्या मुक्कामाच्या ठिकाणी फोन केला, तर उत्तर मिळालं, ‘थोडा आहे, पण जाता येतं.’ आता हा थोडा म्हणजे किती? घरबसल्या काही तपासता येईल का? आमच्यापैकी दोघींनी बर्फावर कधीच पाऊल ठेवलेलं नाही. सगळ्यांसाठी मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे छोटे दात) घ्यायचं चाललंय; तेवढ्याने भागेल का?

— एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा तपशील तुम्ही जाता जाता लिहून गेलात : चढ दक्षिणेकडून आणि उतार उत्तरेकडे. बाकी काहीही न सांगता एवढंच कळवलं असतंत, तरी माझं उत्तर हेच असतं की खिंडीपर्यंतच्या वाटेची फार चिंता करू नका, पलीकडच्या पहिल्या तीनशे मीटर उताराची कसून चौकशी करा.

उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन थेट पडतं, उत्तरेकडच्या उतारावर तिरपं. (दक्षिण गोलार्धात याच्या उलट.) जूनमध्ये सूर्य डोक्यावर आलेला असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना मिळणाऱ्या उन्हात हिवाळ्याएवढी तफावत राहत नाही. पण आधीचे पाच-सहा महिने एक बाजू वितळत राहिली आणि दुसरी नुसती साठवत राहिली, ती थकबाकी जूनमध्ये समोर येते. त्यात वाऱ्याची भर. धारेवरून वाहणारा वारा एका अंगाचा भुसभुशीत बर्फ उचलतो आणि पलीकडे आडोशाला नेऊन टाकतो. आसपास मीटरभर बर्फ असेल तेव्हा अशा आडोशाच्या खोलगटात त्याच्या कितीतरी पट जाड थर साचलेला असू शकतो. आणि एखाद्या नाळेत, म्हणजे डोंगरउतारावरच्या अरुंद घळीत, वरून हिमस्खलन उतरून थांबलं असेल, तर तिथला बर्फ दाबून घट्ट झालेला असतो; दोन्ही काठांवर गवत आलं तरी तो आठवडेच्या आठवडे हलत नाही. दुर्दैव असं, की खिंडीतून खाली उतरायची सोपी जागा म्हणजे बहुतेक वेळा नाळच. वाट तिथूनच जाते.

म्हणजे तुमच्या ट्रेकमध्ये काय होऊ शकतं, बघा. कोरड्या वाटेने पाच-सहा तास चढायचं, दमायचं, आणि माथ्यावर पोचल्यावर पहिल्यांदा तो पांढरा उतार दिसायचा. तोही वरून खाली बघताना, जेव्हा कुठलाही उतार आहे त्याहून तीव्र वाटतो. गाडी पलीकडे, परतीची वाट लांब, आणि पाचांतल्या दोघींना सवय नाही. अशा वेळी माणसं ‘एवढं आलोय तर’ म्हणून उतरायला लागतात. उन्हाळी डोंगरातले बर्फावरचे अपघात अनेकदा असे, निम्मा दिवस चांगला गेल्यावर होतात.

आता फोटोंबद्दल. ते खरेच असणार, पण त्यांतून गेल्या वर्षीचं हवामान कळतं, या वर्षीचं नाही. दोन वर्षांत किती अंतर पडू शकतं, याचं एक टोकाचं उदाहरण देतो. कॅलिफोर्नियात डोंगरांवरच्या बर्फात किती पाणी साठलंय, याची मोजणी दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला होते, कारण साधारण तेव्हा साठा सर्वांत जास्त असतो. २०१५ साली हा आकडा सरासरीच्या जेमतेम ५ टक्के होता. २०२३ साली २३७ टक्के. तेच डोंगर, तीच तारीख. २०२३ साली तिथल्या उंच वाटा भर उन्हाळ्यातही कितीतरी आठवडे बर्फाखाली होत्या. हिमालयातही असे हेलकावे बसतात : २०२५चा हिवाळा हिंदुकुश-हिमालय पट्ट्यासाठी इतका कोरडा होता, की जमिनीवर बर्फ टिकून राहण्याचं प्रमाण नेहमीपेक्षा जवळजवळ २४ टक्क्यांनी घटल्याचं काठमांडूच्या इसिमोड या संस्थेने नोंदवलं. पण हिवाळा कोरडा गेला म्हणून जून मोकळा, असंही गणित मांडू नका. मेमध्ये दोन दिवस जोरदार बर्फ पडला की उंचावरचं चित्र पालटतं. शिवाय फोटो काढणारा माणूस खिंडीत उभा राहून उन्हातल्या, फुलांच्या बाजूचे फोटो आधी काढतो. पलीकडच्या उताराचा एखादा फोटो त्या मित्राकडे आहे का, तेवढं मात्र विचारून घ्या. गेल्या वर्षी तिथे अगदी एक पट्टा जरी दिसत असेल, तरी त्यावरून बर्फ रेंगाळण्याची जागा कुठली ते कळतं. प्रमाण दरवर्षी बदलतं, जागा फारशा बदलत नाहीत.

घरबसल्या तपासायचं सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे उपग्रहाचे ताजे फोटो, आणि ते फुकट आहेत. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रं ‘कोपर्निकस ब्राउझर’ या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. जमिनीचा तोच तुकडा साधारण दर पाच दिवसांनी टिपला जातो आणि चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर बाय १० मीटर. तुमची खिंड शोधा, ढगांचं प्रमाण कमी असलेली तारीख निवडा आणि शेजारी उंचीच्या रेषा असलेला नकाशा उघडून ठेवा. नुसत्या डोळ्यांना दिसेल तशा रंगांत पाहिलंत तर ढग आणि बर्फ दोन्ही पांढरे दिसून गोंधळ होईल. तिथे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण वापरून रंग बदललेलं चित्र निवडायची सोय असते. बर्फ दृश्य प्रकाश परत फेकतो, पण लघुलहरी अवरक्त किरण बऱ्याच प्रमाणात शोषून घेतो; पाण्याच्या थेंबांचे ढग तसे शोषत नाहीत. त्यामुळे अशा चित्रात बर्फ निळसर होतो आणि असे ढग पांढरे राहतात. एकदा हे जमलं की पाच मिनिटांचं काम आहे.

एका चित्रावर थांबू नका. दहा-पंधरा दिवसांच्या अंतराची दोन स्वच्छ चित्रं घ्या आणि बर्फाची खालची कड किती वर सरकली ते मोजा. दक्षिणेची कड वेगळी, उत्तरेची वेगळी. समजा, मेच्या मध्यावर उत्तरेकडे बर्फ ३,१०० मीटरपर्यंत होता आणि मेअखेर ३,३०० पर्यंत वर गेला. पंधरा दिवसांत दोनशे मीटर. याच वेगाने जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कड साडेतीन हजारांच्या आसपास असेल आणि तुमच्या खिंडीखाली चारशे मीटरचा उतार पांढराच असेल. हा अंदाज ढोबळ आहे. उष्णता वाढली की कड झपाट्याने वर जाते, तर आडोशाचे जाड थर तिथेच अडून बसतात. पण ‘थोडा आहे’पेक्षा यातून पुष्कळ कळतं. त्याच संकेतस्थळावर २०१५ नंतरची जुनी चित्रंही आहेत. गेल्या वर्षी मित्र गेला त्या आठवड्याचं चित्र काढा आणि या वर्षी निघायच्या आधीचं त्याच्याशेजारी ठेवा. घरातला वाद तिथेच मिटेल, असं वाटतं.

या चित्रांना मर्यादा आहेत. बर्फ कुठवर पसरलाय ते दिसतं, किती जाड आहे ते दिसत नाही. पाच मीटर रुंदीच्या नाळेत अडकलेला पट्टा दहा मीटरच्या ठिपक्यात विरून जातो, आणि पाय घसरायला पाच मीटर पुरतात. दाट झाडीखालचा बर्फ वरून दिसत नाही. उभ्या कड्यांच्या सावलीतला भाग काळा येतो, तिथे बर्फ नाही असं समजू नका. आणि एक सापळा : फोनवरच्या रोजच्या नकाशातलं उपग्रहाचं चित्र यासाठी अजिबात वापरू नका. ते कधीचं आहे याचा पत्ता नसतो, तुकडे वेगवेगळ्या तारखांचे जोडलेले असतात, आणि अनेकदा ढग व बर्फ कमीत कमी असलेली चित्रंच तिथे लावलेली असतात. नासाच्या ‘वर्ल्डव्ह्यू’वर रोजचं चित्र मिळतं, पण ते बरंच भरड. गेल्या आठवड्यात सगळ्या रांगेवर नवा बर्फ पडला का, एवढं समजायला ते चांगलं, तुमची नाळ बघायला नाही.

काही देशांत डोंगरांवर बर्फ मोजणारी स्वयंचलित केंद्रं असतात. अमेरिकेच्या पश्चिम भागात ‘स्नोटेल’चं जाळं आहे, स्वित्झर्लंडमध्ये दावोसची हिमसंशोधन संस्था आकडे जाहीर करते. तुमच्या भागात तशी सोय असेल तर जरूर बघा. एवढंच लक्षात घ्या, की केंद्र बहुधा सपाट, मोकळ्या जागी उभारलेलं असतं. तिथे शून्य दिसलं तरी उत्तरेकडच्या नाळेत दीड मीटर असू शकतो.

हो, दीड मीटर. तो किती दिवसांत वितळेल, याचा कच्चा हिशेब घरी करता येतो, आणि तो केला की उन्हाळ्यावरचा अति विश्वास कमी होतो. वर चढताना तापमान सरासरीने दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी उतरतं. तुमची सुरुवात २,४०० मीटरवर. तिथे दिवस-रात्र मिळून सरासरी १४ अंश असेल तर ३,९०० वर साधारण ४ अंश. चोवीस तासांची सरासरी शून्याच्या वर जितके अंश, तितक्या प्रत्येक अंशामागे दिवसाला ढोबळमानाने ३ ते ६ मिलिमीटर पाण्याएवढा बर्फ वितळतो. मधला ५चा आकडा धरला तर ४ अंशांना २० मिलिमीटर. उन्हाळ्याच्या तोंडावरचा जुना बर्फ दाट असतो. त्याच्या एक मीटर थरात सुमारे ४५० मिलिमीटर पाणी असतं. म्हणजे दिवसाला चार-साडेचार सेंटिमीटर थर कमी होतो. दीड मीटर जायला महिनाभर लागतो! उन्हात थोडा लवकर, सावलीत आणखी उशिरा. पायथ्याच्या गावाचं तापमान बघून खिंडीबद्दल बोलू नये, ते यासाठी. हवामानाचा अंदाज बघतानाही उंचीप्रमाणे अंदाज देणारं संकेतस्थळ निवडा आणि शून्य अंशाची पातळी, म्हणजे हवेचं तापमान शून्यावर येतं ती उंची, किती मीटरवर आहे ते पाहा. रात्री ती खिंडीच्या खाली येते की वरच राहते, याचा उपयोग पुढे सांगतो.

फोन तुम्ही केलात ते योग्यच केलंत, फक्त प्रश्न बदला. ‘बर्फ आहे का’ या प्रश्नाला ‘थोडा आहे’ यापलीकडे उत्तर येणार नाही. उत्तर देणारा खोटं बोलत नसतो. लहानपणापासून त्या उतारावर चालणाऱ्याला बर्फावरून शंभर मीटर आडवं जाणं खरंच थोडं वाटतं. म्हणून मोजता येईल असं विचारा. खिंड ओलांडून पलीकडे उतरलेला शेवटचा गट कोणत्या दिवशी गेला? त्यांना माथ्यापासून कोरडी वाट लागेपर्यंत किती वेळ लागला? उतरताना पायऱ्या खोदाव्या लागल्या का, दोर लावला होता का? सामानाची खेचरं पलीकडे जायला लागली आहेत की अजून अलीकडच्या मुक्कामावरूनच परततात? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण खेचरांना हौस नसते. ती जाऊ लागली म्हणजे वाट बऱ्यापैकी मोकळी आहे. आणि पलीकडच्या खोऱ्यातल्या ओढ्याबद्दलही विचारा : तो पुलावरून ओलांडतात की साठलेल्या बर्फावरून? शक्य असेल तर एक फोन उत्तरेकडच्या गावात करा. तिथल्या माणसाला तो उतार घराच्या अंगणातून दिसत असेल. दक्षिणेकडच्या मुक्कामावरच्या माणसाला तो दिसतच नाही.

बर्फ आहे, असं कळलं तर पुढे काय? निर्णय बर्फाच्या प्रमाणावर अवलंबून नाही. उतार किती आणि घसरल्यावर माणूस कुठे जाऊन थांबेल, यावर आहे. सपाट कुरणावरचा एक किलोमीटर बर्फ म्हणजे ओले बूट आणि थोडी चिडचिड. तीव्र उतारावरचा वीस मीटरचा घट्ट पट्टा, खाली खडक किंवा कडा, हा वेगळाच विषय. नकाशावरून उतार काढणं सोपं आहे : खाली १०० मीटर उतरताना आडवं अंतर २७५ मीटर असेल तर उतार २० अंशांचा, १७५ मीटरच्या आसपास असेल तर ३० अंशांचा. ३० अंशांच्या पुढच्या उतारावर घट्ट बर्फात पाय सुटला तर काही सेकंदांत एवढा वेग येतो की हाताने किंवा काठीने थांबता येत नाही, आणि पावसाळी कपड्यांचं गुळगुळीत कापड तो वेग वाढवतं. आपल्याकडे सह्याद्रीत घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, चालायची ज्यांना सवय आहे, त्यांना हा फरक लवकर पटत नाही. घसाऱ्यावर माणूस दोन-तीन मीटर घसरून बहुतेक वेळा अडकतो. घट्ट बर्फावर अडकायला काहीच नसतं.

त्यामुळे मायक्रोस्पाइक्सच्या प्रश्नाचं उत्तर : तेवढ्याने भागणार नाही. बुटावर रबराने ताणून बसवायचे ते छोटे दात मळलेल्या, घट्ट, हलक्या उताराच्या वाटेसाठी उत्तम आहेत. सकाळी सकाळी गोठलेल्या पायवाटेवर त्यांच्यासारखं काही नाही. पण तीव्र उतारावर आडवं जाताना ते बुटाखाली फिरतात आणि ऐनवेळी पकड सोडतात. तिथे लागतात ते क्रॅम्पॉन (बुटाला घट्ट बांधायचे धातूचे लांब दात) आणि आइस ॲक्स (बर्फात रोवायची टोकदार कुऱ्हाड). क्रॅम्पॉनला टणक तळव्याचे बूट हवेत, आणि आइस ॲक्स तर शिकल्याशिवाय हातात घेण्यात अर्थ नाही. घसरल्याबरोबर पालथं होऊन तिचं टोक बर्फात रोवायचं, हे पहिल्याच क्षणी अंगवळणी असल्यासारखं व्हावं लागतं. विचार करायला वेळ मिळत नाही. ज्या दोघींनी बर्फ पाहिलेला नाही, त्यांना खिंडीत पोचल्यावर हे शिकवता येणार नाही. दुकानात पैसे खर्च करण्यापूर्वी एखाद्या गिर्यारोहण प्रशिक्षकाबरोबर एक दिवस सुरक्षित उतारावर घालवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. स्पाइक्स घ्या, हरकत नाही, पण ते बरोबर आहेत म्हणून उतरायचा निर्णय घेऊ नका. गॉगल मात्र पाचही जणांकडे हवेत, बाजूंनी झाकलेले. बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, आणि उंचीमुळे ते मुळातच जास्त असतात. दोन-तीन तास उघड्या डोळ्यांनी चाललात तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन पुढचा दिवस वाया जाईल.

वेळेचंही बघायला हवं. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता आकाशाकडे सोडतो आणि वरून गोठतो. पहाटे तो दगडासारखा कडक असतो. ऊन लागलं की वरचे काही सेंटिमीटर मऊ होतात, टाच रोवून पायऱ्या करता येतात, चालायला तो सगळ्यात बरा वेळ. दुपारपर्यंत तो पार लगदा होतो, पाय मांडीपर्यंत आत जातो. खडकांच्या आणि झाडांच्या बुंध्यांच्या कडेने तर बर्फ आतून वितळून पोकळी झालेली असते. तिथून चार हात लांबून चाला. ढगाळ रात्री बर्फ तितका नीट गोठत नाही. शून्य अंशाची पातळी रात्रभर खिंडीच्या वर राहिली आणि आकाशही झाकलेलं असलं, तर सकाळीसुद्धा बर्फ कुजका असतो आणि तीव्र उतारावरून ओल्या बर्फाची घसरण होण्याचा धोका वाढतो. मघाशी रात्रीची पातळी बघायला सांगितलं ते यासाठी. अशा दिवशी खिंड ओलांडू नये, वाट कितीही मळलेली असो.

ओढ्याचं वेळापत्रक वेगळं. वर वितळलेलं पाणी खाली यायला काही तास लागतात, म्हणून तो पहाटे सगळ्यात कमी आणि दुपारनंतर ते संध्याकाळी सगळ्यात जास्त वाहतो. बर्फाच्या थराखालून वाहणारा ओढा त्या थराला खालून पोखरत असतो. थर मध्ये खचलेला, राखाडी किंवा तडे गेलेला दिसला, किंवा पायाखालून पाण्याचा आवाज स्पष्ट येऊ लागला, तर त्यावर जाऊ नका. दूर जाऊन दुसरी जागा शोधा. तुमच्या आखणीत ओढा उताराच्या शेवटी, म्हणजे दुपारी येतो. हे मला फारसं आवडलेलं नाही.

इथे एक सुचवू का? ट्रेक उलटा करा. उत्तरेकडून चढा आणि दक्षिणेकडे उतरा. मग ओढा सकाळी लागेल, बर्फाचा उतार सकाळी समोर दिसेल, आणि तो चढायचा असेल. बर्फावर चढणं उतरण्यापेक्षा बरंच सोपं. तोल पुढे असतो, बुटाच्या टोकाने पायरी करता येते, आणि नजर खाली जात नसल्यामुळे दृष्टिभय कमी जाणवतं. मुख्य म्हणजे जमत नसेल तर ते खालीच, पहिल्या वीस पावलांत कळतं. तिथून मुक्काम जवळ असतो. मुक्काम बर्फाच्या पायथ्याशी जितका जवळ नेता येईल तितका न्या. एकच पथ्य : उतार पूर्ण कडक असेपर्यंत थांबा, पृष्ठभाग जरा सैल झाला की चढायला लागा. म्हणजे उत्तरेकडे ऊन केव्हा येतं, हे आदल्या दिवशी बघून ठेवा.

उलटं करणं शक्य नसेल तर निकष आत्ताच ठरवा, खिंडीत उभं राहून नाही. पाचांतल्या दोघी नवख्या असताना मी ठरवलं असतं ते असं : निघण्यापूर्वीच्या शेवटच्या स्वच्छ चित्रात खिंडीखालचा तीव्र भाग पांढरा दिसत असेल आणि त्या आठवड्यात कुणी सरावातला वाटाड्या मळलेल्या वाटेची खात्री देत नसेल, तर खिंड ओलांडायची नाही. दक्षिणेकडून खिंडीपर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. यात ट्रेक बुडत नाही. उंची तीच, दृश्य तेच. तारीख दोन-तीन आठवडे पुढे नेणं हाही मार्ग आहे, फक्त ज्या डोंगरांत तोवर पावसाळा लागतो तिथे बर्फाऐवजी दरडी आणि फुगलेले ओढे पदरात पडतात, हे धरून ठरवा. आणि दुपारी बारापर्यंत खिंडीत पोचला नाहीत तर पलीकडे बर्फ असो-नसो, तिथूनच माघारी फिरा.

हे सगळं कागदावर छान वाटतं आणि प्रत्यक्षात एका गाडीपायी मोडतं. पैसे दिलेली गाडी पलीकडे उभी असली, की पाचही जणांना उतार जरा सौम्य दिसायला लागतो. तेव्हा गाडीवाल्याशी दोन्ही शक्यता आधीच बोलून ठेवा : अमुक वेळेपर्यंत आम्ही आलो नाही तर आम्ही दक्षिणेकडे परतलो असं समजायचं, आणि दुसऱ्या दिवशी तिकडे यायचं. खिंडीत फोन लागेल असं गृहीत धरू नका. म्हणजे हे निघण्याच्या आधी, तोंडी नाही तर लिहून, त्याच्याकडे आणि घरी एका माणसाकडे असू द्या.